गोरक्षचा टाक

जुनी लष्करी पदकं गोळा करणं म्हणजे मेलेल्यांची सेवा करणं, असं विल्सन भिंगारदिवे मास्तर फार गंभीरपणे मानत. मेलेल्यांपैकी कोणी त्यांना तसं कळवलेलं नव्हतं. जिवंतांपैकी रेबेकाबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, मत असं होतं की ही सेवा घरातलं एक अख्खं कपाट अडवते आणि पाहुणे आले की गाद्या ठेवायला जागा उरत नाही.

मास्तर नगरच्या मिशन हायस्कुलात इतिहास शिकवत. पानिपतापाशी मुलं जांभया द्यायची, पण मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचा खरा इतिहास कपाटात होता. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या, आणि न परतलेल्याही, प्रत्येक शिपायाच्या नावाने सरकारने एक चांदीचं पदक पाडलं होतं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक उघडाबंब गृहस्थ, आणि काठावर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव, पलटण. मास्तरांचा सगळा जीव त्या काठात होता. राजा सगळ्या पदकांवर तोच, घोडाही तोच. माणूस काय तो काठावर.

गावोगावच्या लोकांनी मात्र त्यात चांदी पाहिली. अडीअडचणीला पदक सोनाराकडे गेलं आणि त्याचं काहीबाही होऊन परत आलं. मास्तर म्हणत, बसऱ्याची अख्खी मोहीम नगर जिल्ह्यातल्या बायकांच्या पायांत जोडवी होऊन वाजते आहे. म्हणून गेली वीस वर्षं ते सायकलवरून, एसटीतून, बेलापूरपासून पाथर्डीपर्यंत सोनारांची दुकानं धुंडाळत आणि एकच गोष्ट सांगत: "आटवू नका. काठ बघा. काठावर अक्षरं दिसली की बाजूला ठेवा, मी मोडीपेक्षा सव्वाई भाव देईन." बहुतेक सोनार मान डोलावत आणि आटवत. एकट्या गहिनीनाथाने हा धडा मनावर घेतला. नगरच्या सराफ गल्लीत त्याचं बोळकांडीएवढं दुकान होतं. इंग्रजी त्याला औषधालाही येत नव्हतं, पण पदक हातात आलं की तो आधी काठावरून नख फिरवी. शाळेतल्या कुठल्याही विद्यार्थ्याने मास्तरांचं इतकं ऐकलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या भाद्रपदात मास्तर तिसगावला गेले ते सहादेव लवांडे यांच्यासाठी. सहादेव लवांडे सोळा साली इराकमधल्या कूतच्या वेढ्यात उपाशी मेले होते. त्यांची दोन पितळी पदकं मास्तरांना एका भांडेवाल्याकडे मिळाली होती. भांडेवाल्याच्या बापाने ती तिसगावच्या बाजारात एका कढईच्या बदल्यात घेतली होती. दोन आहेत म्हटल्यावर तिसरं, चांदीचं, कुठेतरी असणारच. एका माणसाची तिन्ही पदकं एकत्र येणं यासारखा आनंद नाही, असं मास्तर म्हणत. रेबेकाबाईंना लग्नापूर्वी हे ठाऊक असतं तर त्यांनी विचार केला असता.

लवांड्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर साठीच्या रतनबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सहादेव हे त्यांचे चुलतसासरे. मास्तरांनी खिशातून दोन्ही पदकं काढून दाखवली. रतनबाईंनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि हसल्या.

"ही व्हय! आमच्या सासूनं दिली कढईसाठी. कढई हाय अजून. दावू का?"

"कढई नको. तिसरं होतं का एक? चांदीचं?"

"हाय की. देवाऱ्यात बसलंय."

मास्तरांनी घाईघाईने चपला काढल्या. आत देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी बोटभर उंचीचा चांदीचा टाक होता. पत्र्यावर ठोकलेला घोडेस्वार, हातात तलवार, डोक्याला पागोटं. हळदीकुंकवाने अर्धा झिजलेला. काठावर काहीही नव्हतं, कारण काठच नव्हता.

"हे आमचे सहादेवबाबा," रतनबाई म्हणाल्या. "वीर हायेत घरातले. बिनलग्नाचे गेले. मढं न्हाई आलं, मेडल आलं. सासूनं त्याचाच टाक करून घेतला. सकाळपासनं सोनाराम्होरं बसली हुती. तान्हं पोर वट्यावर रडत हुतं, तरी उठली न्हाई. चांदी पातळ झालेली डोळ्यानं बघितली, मंगच पानी पिली."

मास्तर टाकाकडे बघत राहिले. सोनाराने उघड्याबंब गृहस्थाला कपडे घातले होते, एवढं इंग्रजांवर उपकारच म्हणायचे. सहादेव लवांडे पायदळातले. जन्मात घोड्यावर बसले नसतील. सवयीप्रमाणे मास्तरांच्या तोंडात "अरेरे" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

थोरल्या मुलाच्या बायकोने चहा आणला. मास्तर उठायच्या बेतात होते, तेवढ्यात रतनबाई म्हणाल्या, "तुम्हांला ह्यातलं कळतं. थांबा जरा."

त्यांनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेली डबी काढली. आत एक कोरं करकरीत पदक होतं. एक्काहत्तरच्या लढाईचं. त्यांच्या धाकट्या मुलाचं, गोरक्षचं. छांबच्या बाजूला गेला. तिथेच अग्नी दिला. घरी तार आली, मग त्याची ट्रंक आली, ट्रंकेत दोन सदरे आणि दाढीचं सामान. आणि आता पावणेतीन वर्षांनी हे.

"वाट बघत हुते मी ह्याची," रतनबाई म्हणाल्या. "पोरगं दारातच हुबं हाय अजून. बाहेर गेलेला मानूस असा एकदम आत येत न्हाई. त्याला बसाया जागा लागती. सहादेवबाबाच्या शेजारी ह्याचा टाक बसवायचा हाय, घट बसायच्या आत."

"टाक काय, कुठल्याही चांदीचा होईल की."

"कसा व्हईल? ज्याचं मेडल त्याचाच टाक. न्हाईतर घोड्यावर कोन बसलंय ते कसं कळावं?"

काठावरच्या नावासाठी मास्तर वीस वर्षं जी पायपीट करत होते, ती याहून वेगळी नव्हती.

त्यांनी पदक हातात घेतलं. हातात घेताक्षणी कळलं. तांबं आणि निकेल. खिशातला रुपया ज्याचा असतो, त्याच जातीतलं. आटवलं तर टाक सोडा, बरी चमची झाली नसती. शिवाय हे पदक गोरक्षच्या अंगावर कधी चढलेलंही नव्हतं. तो गेल्यावर ते पाडलं गेलं होतं. सरकारने चांदीची पदकं द्यायची कधीच सोडली होती. यात फसवणूक कोणाची नव्हती. फक्त तिसगावला कळवायचं राहून गेलं होतं.

"रतनबाई, हे..." मास्तर म्हणाले.

"काय?"

रतनबाईंचे हात शेंगांच्या मातीने माखले होते. ते त्यांनी पदराला पुसून पुढे केले होते, पदक परत घ्यायला, ओंजळ करून.

"...जड आहे," मास्तर म्हणाले.

"व्हय ना? मलाबी लई जड वाटलं. हिथला सोनार प्यायला लागलाय, त्याच्या भट्टीवर माझा भरवसा न्हाई. तुमी नगरचे. खात्रीचा सोनार दावा. मी येते, समोर बसते."

आणि इथे मास्तरांनी, बावन्न वर्षांच्या सरळ आयुष्यात, चर्चच्या पंचमंडळात असताना, एक सविस्तर खोटं सांगितलं. ते म्हणाले, यावर सरकारचा शिक्का आहे, आटवणं गुन्हा आहे, चारचौघांसमोर करता येत नाही. आपल्या ओळखीचा सोनार आहे, एकट्याने गेलं तर गुपचूप करून देईल.

"गुन्हा? माझ्या पोराचं हाय ते!"

"पोर तुमचं. शिक्का त्यांचा."

रतनबाईंनी पदक डबीत ठेवून झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मंग माझ्या जागी तुमी बसा. चांदी पातळ हुईस्तोर उठायचं न्हाई. येशूची आन घ्या."

"आमच्यात आण घेत नाहीत."

"मंग नुसतं हो म्हना."

"हो," मास्तर म्हणाले आणि डबी घेऊन निघाले.

रविवारी उपासनेहून आल्यावर मास्तरांनी कपाट उघडलं. निळ्या मखमलीवर चांदीची पदकं ओळीने निजली होती. गोरक्षच्या टाकासाठी त्यातलं एक उचलायचं होतं. सोपं वाटलं होतं, पण बसल्यावर सोपं राहिना. पहिल्यांदा त्यांनी काठ झिजलेली बाजूला काढली. कुठल्या कुठल्या बायकांनी ती दर सणाला चिंचेने आणि राखेने घासून घासून नाव पुसून टाकलेलं. संग्रहाच्या दृष्टीने ती कवडीमोलाची. पण ज्याचं नावच नाही असा माणूस गोरक्षच्या जागी नेऊन बसवायचा, हे त्यांच्या मनाला येईना. मग नाव असलेली बघू लागले. घोडेगावचा एक, श्रीगोंद्याचे दोन, राहुरीचा एक हवालदार. प्रत्येकाला विचारायला हवं होतं, आणि विचारायची सोय नव्हती.

"जेवायला येताय का पलटणीबरोबरच बसताय?" रेबेकाबाई दारात आल्या. मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मूर्ती करवून घेणार."

"टाक म्हणतात त्याला."

"मूर्तीची आज्ञा कितवी हो?"

"दुसरी."

"आणि खोट्याची?"

"नववी."

"पाठ आहेत म्हणजे," रेबेकाबाई म्हणाल्या, आणि आत जाता जाता थांबल्या. "मग दुसऱ्याचं कशाला देता? मामंजींचं द्या. ते तरी आपलं आहे."

मास्तरांचे वडील योहान भिंगारदिवे यांनी बसऱ्याला खेचरं हाकली होती. लढाईत त्यांना एकच जखम झाली, ती खेचराने लाथ मारल्याची. ते सुखरूप परत आले, चर्चमध्ये घंटा वाजवत म्हातारे झाले, आणि वारले तेव्हा पदक उशाखाली होतं. कपाटातली पलटण त्या एका पदकापासून सुरू झाली होती. त्याच्या काठावरचं अक्षर अन् अक्षर शाबूत होतं, कारण मास्तरांनी आईला ते कधी घासू दिलं नव्हतं.

मास्तर जेवले नाहीत. चार वाजता त्यांनी ते पदक रुमालात बांधलं.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथाने ते हातात घेतलं आणि आधी काठावरून नख फिरवलं.

"मास्तर, हे आटवायचं?"

"हो. वीराचा टाक करायचा. घोडेस्वार. याच चांदीचा."

"काठ शाबूत आहे."

"दिसतंय मला."

"तब्येत बरी आहे ना?"

"भट्टी लाव, गहिनीनाथ."

गहिनीनाथाने कोळसे पेटवले, भाता ओढला. मास्तर समोर पाटावर बसले. मूस लाल झाली. गहिनीनाथाने चिमट्यात पदक धरलं, आणि ज्वाळेच्या उजेडात राजाचं डोकं, मग घोडा, मग वळता वळता काठ, असं एकेक दिसलं. मास्तरांना घंटेची दोरी धरलेला म्हाताऱ्याचा हात आठवला. करंगळी नसलेला. ती खेचराच्या त्या लाथेत गेली होती. त्यांना वाटलं, आता हे वितळेल तेव्हा काठावरची अक्षरं सगळ्यांत आधी जातील. ती पातळ असतात.

"आलोच," मास्तर म्हणाले आणि उठले.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी चहा मागवला. तो निवला, त्यावर साय आली. दुसरा मागवला. परत आले तेव्हा गहिनीनाथ साच्यातून चांदीची कांडी काढत होता.

"झालं?"

"झालं," गहिनीनाथ खाली बघत म्हणाला. "टाक शनिवारी न्या."

घटस्थापनेच्या सकाळी मास्तर तिसगावला पोचले. टाक नवा, लखलखीत. सहादेवबाबांसारखाच घोडा, तसंच पागोटं. ठसा जिल्हाभर एकच होता. रतनबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"समोर बसला हुता ना?"

"बसलो होतो," मास्तर म्हणाले. यातला पहिला अर्धा भाग खरा होता.

रतनबाईंनी पितळीत टाक घेतला आणि उंबऱ्यावर पाणी घातलं. मग भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळला, पलटणीतून सुटीवर आलेल्या पोरावरून ओवाळावा तसा, आणि दूर फेकून दिला. मास्तर ख्रिस्ती माणूस. कुठे बघावं हे त्यांना कळेना. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"ये बाबा," रतनबाई म्हणाल्या. "लई उशीर केलास. ये आत."

त्या आत गेल्या. देव्हाऱ्यात टाक टेकवून त्यांनी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, मग सुनेला हाक मारली. "बघ गं, नाकाशी आलाय का न्हाई त्याच्यासारखा? अगदी वळख पटती." सून म्हणाली, व्हय. आणि मग रतनबाई पहिल्यांदा रडल्या. भिंतीला पाठ लावून बसल्या आणि मोठ्याने, जीव सैल सोडून रडल्या. दारातलं माणूस आत आल्यावर आता कोणासाठी धीर धरायचा, अशा. सुनेने त्यांना रडू दिलं. मास्तर ओसरीवर उभे होते. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात गोरक्ष लवांडे याचं खरं पदक डबीसकट होतं. ते कुठे ठेवावं हे त्यांना ठरवता आलं नव्हतं. कपाटात ठेवलं असतं तर ते संग्रहात आलं असतं.

निघताना रतनबाईंनी त्यांच्या हातावर पुरणाची पोळी ठेवली.

"मास्तर, तुमच्या घरात हाय का कोनी लढाईत गेलेलं?"

"वडील होते. पण ते परत आले."

"लई नशीबवान," रतनबाई म्हणाल्या.

एसटीत मास्तरांना बरं वाटलं. वडील जिथे कुठे गेले होते तिथे निदान कोणाच्या तरी उपयोगी पडले होते. एका खेचरवाल्याला शेवटी घोडा मिळाला, तोही देव्हाऱ्यात. कपाटातली मखमलीवरची ती एक रिकामी गोल खूण बघायला त्यांना हळूहळू जमायला लागलं. रेबेकाबाईंनी तिच्यावर दुसरं पदक सरकवू दिलं नाही.

दिवाळी झाली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मास्तर सराफ गल्लीतून चालले होते. गहिनीनाथाने दुकानातूनच हाक मारली, "ओ मास्तर! या, या. कधीची वाट बघतोय."

त्याने गल्ल्यामागून एक पुडी काढली आणि सोडून मास्तरांच्या तळहातावर ठेवली. राजाचं डोकं होतं. मास्तरांचं नख त्यांच्या नकळत काठावर गेलं. खेचर दलाचा नंबर. ड्रायव्हर. योहान.

"वाचवलं मी," गहिनीनाथ म्हणाला. त्याचा चेहरा फुलून आला होता, पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. "त्या दिवशी तुमचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, वीस वर्षं हा माणूस आपल्याला घसा फोडून सांगतोय, आटवू नका, काठ बघा. आज काहीतरी बिनसलंय, उद्या हळहळेल. तुम्ही चहाला गेलात आणि मी चिमटा मागे घेतला. टाक न्यायला आलात तेव्हाही चेहरा तसाच होता, म्हणून बोललो नाही."

पदक मास्तरांच्या मुठीत गेलं होतं आणि मूठ सुटत नव्हती. आपल्याला आनंद झाला आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

"मग टाक?" ते म्हणाले. "टाक कशाचा केलास?"

"मोडीत पैंजण पडले होते जुने. चांदी ती चांदी."

"कोणाचे?"

"आता ते कोणाला आठवतंय? पैंजणावर काय नाव असतं?"

मास्तरांनी पाकीट काढलं. गहिनीनाथाने पदक तोललं आणि ठरल्याप्रमाणे सव्वाई भाव घेतला.